‘पाच वर्षांत डॉक्टर’ म्हणणाऱ्यांनी आम्हाला कसं फसवलं

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियातले बॅनर बदलतात. एकीकडं टॉपर लेकरांचे फोटो, दुसरीकडं विमान, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली मुलगी आणि ‘परदेशात एमबीबीएस, डोनेशन नाही, पाच वर्षांत डॉक्टर’. हा दुसरा बॅनर आमच्यासारख्यांसाठी असतो. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलेलं आणि खासगीची फी ऐकूनच घाम फुटलेला. मेडिकलच्या 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या लेकरांना ठेवणारं 70:30 चं सूत्र 2020 मध्ये गेलं तेव्हा मराठवाड्याला बरं वाटलं होतं, पण लेकरांची गर्दी काही कमी झाली नाही. मी अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. मुलगी नीटला पात्र होती, सरकारी जागेला मार्क कमी पडले.

कन्सल्टन्सीचं, देशाचं आणि युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढं आहे, शिवाय त्याच शहरात चांगली शिकवणारी कॉलेजंही आहेत. पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण यंदाही बारावीची लेकरं हाच रस्ता धरणार आहेत.

ऑफिस चालवणाऱ्याला सगळे ‘सर’ म्हणायचे. आपल्याकडं कोचिंगमुळं कुणीही सर होतो. माणूस आपल्याच भागातला, बोलणं आपलंच. “गुरुजी, तुमचं लेकरू ते माझं लेकरू. काळजीच करू नका बघा.” भिंतीवर एलसीडी, त्यावर हॉस्टेल, बर्फ, इंडियन मेसमधली पोळी-भाजी. युनिव्हर्सिटी ‘डब्ल्यूएचओ आणि एनएमसी मान्यताप्राप्त’ असं माहितीपत्रकावर सोनेरी अक्षरात छापलेलं.

या एका ओळीवर शेकडो घरं फसतात, म्हणून इथं जरा थांबतो. डब्ल्यूएचओ कुठल्याही मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही. जगभरच्या मेडिकल कॉलेजांची एक डिरेक्टरी आहे, तिच्यात नाव असणं म्हणजे कॉलेज अस्तित्वात आहे, एवढंच. आणि एनएमसी म्हणजे आपला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशातल्या कॉलेजांची मंजूर यादी काढतच नाही. त्यांनी नियम घातलेत, आणि तुमचा कोर्स त्यात बसतो का हे तुम्हीच बघायचं. 18 नोव्हेंबर 2021 च्या राजपत्रात ते आहेत. शिक्षण कमीत कमी 54 महिन्यांचं, त्याशिवाय 12 महिन्यांची इंटर्नशिप, तीही त्याच कॉलेजात. माध्यम इंग्रजी. पदवीनंतर त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीनं डॉक्टरकीचं लायसन्स मिळालं पाहिजे. इतकं करून भारतात आल्यावर परत एक वर्ष इंटर्नशिप आणि परीक्षा.

आता ‘पाच वर्षांत डॉक्टर’चं गणित करा. आमच्या पॅकेजमध्ये पाच वर्षं होती, आणि त्या पाचात इंटर्नशिपही धरलेली होती. साठातून बारा गेले, उरले 48. लागतात 54. पाच वर्षं शिकून, लाखो रुपये घालून आलेली मुलगी भारतात परीक्षेच्या अर्जालाही पात्र ठरली नसती.

हे कळलं ते मुलीमुळं. तिथं पोचल्यावर काही आठवड्यांनी तिनं डीनच्या ऑफिसबाहेरच्या बोर्डाचा फोटो पाठवला. दहा सेमिस्टरचा तक्ता, नववं आणि दहावं एकाच रंगात रंगवलेलं, त्यावर इंटर्नशिप. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा तक्ता परदेशी विद्यार्थ्यांसाठी आहे. पोरीनं स्वतःच रजिस्ट्रारला इंग्रजीत मेल केला. उत्तर आलं: परदेशी विद्यार्थ्यांचा कोर्स पाच वर्षांचा, आमच्या देशातल्या विद्यार्थ्यांचा सहा वर्षांचा. त्या लोकांनी काही लपवलं नाही. आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, सगळा व्यवहार मधल्या माणसामार्फत.

सरांना तो मेल दाखवला. ते हसले. “गुरुजी, ते कागदावर असतंय. शेवटी सर्टिफिकेट साडेपाच वर्षांचं काढून देऊ की.” म्हणजे बनावट कागद करून देऊ, असं ते आपल्या ऑफिसात चहा पाजत सांगत होते. आणि पुढं सापडलं तर जेलात कोण जाणार? लेकरू.

पैशाची गोष्ट वेगळीच. पहिल्या वर्षाचे सहा लाख कन्सल्टन्सीच्या करंट अकाउंटवर घेतले. पन्नास हजार रोख, त्याची पावती ‘रजिस्ट्रेशन’ नावाची. युनिव्हर्सिटीची खरी पावती मुलीच्या हाती पडली तेव्हा ट्यूशन फी 2,200 डॉलर होती, हॉस्टेलचे 600 वेगळे. अडीच लाखांच्या आत सगळं. विमानाचं तिकीट आणि व्हिसा कितीही ताणून धरा, बाकीची रक्कम कुठं गेली हे सरांना अजून सांगता आलेलं नाही. वर युनिव्हर्सिटीकडून प्रत्येक मुलामागं कमिशन असतं ते निराळं. ज्या कॉलेजचं कमिशन जास्त, तेच ‘तुमच्या लेकरासाठी बेस्ट’. आपण समजतो सल्ला घेतोय, तिथं माल विकला जात असतो.

फीचा पैसा बँकेतून थेट युनिव्हर्सिटीच्या खात्यावर डॉलरमध्ये पाठवता येतो. बँकेत ए-टू फॉर्म भरायचा, ऑफर लेटर आणि फीचं पत्रक जोडायचं, झालं. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. एप्रिल 2025 पासून शिक्षणासाठी दहा लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँक आधीच घेते तो करही लागत नाही. “थेट पाठवलं तर अडकतंय, आमच्याकडूनच द्या,” असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा.

तिकडं विमानतळावर घ्यायला ‘कोऑर्डिनेटर’ आला, तो नांदेडकडचाच चौथ्या वर्षाचा पोरगा. बोलायला गोड. सगळ्यांचे पासपोर्ट ‘रजिस्ट्रेशनसाठी’ गोळा केले ते परत द्यायला टाळाटाळ. मुलीनं कॉलेज सोडायचं म्हटल्यावर पासपोर्टच्या बदल्यात दुसऱ्या वर्षाची फी मागितली. भारतीय दूतावासाला मेल आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार केली, तेव्हा कुठं पासपोर्ट हातात आला. दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कमेमोसाठी मात्र लातूरच्या ऑफिसात बसून राहावं लागलं. ओरिजिनल कुणाच्या कपाटात ठेवू नका, एवढंच सांगतो.

कॉलेज बदलता येईल का, हाही प्रश्न आला. नियम म्हणतो, सगळं शिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत. म्हणजे दुसरीकडं गेलं की पुन्हा पहिल्या वर्षापासून. बाहेरच्या प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो, त्यामुळं ती दारं बंद झाली नव्हती. मुलीनं आता स्वतः कॉलेज शोधलं. भारतात परत आल्यावरची एफएमजीई परीक्षा घेणारं राष्ट्रीय परीक्षा मंडळ कॉलेजनिहाय निकाल प्रसिद्ध करतं, कुठल्या कॉलेजचे किती बसले आणि किती पास झाले. 300 प्रश्न, पासिंगला 150. गेल्या काही वर्षांत एकूण निकाल शंभरात तीसच्या आसपास किंवा त्याहून बराच खाली राहिलाय. तिनं ती यादी उघडून कॉलेजं एकेक करून खोडली. उरलेल्या कॉलेजांना तिचा पहिला प्रश्न एकच होता: तुमच्या देशातला विद्यार्थी हाच कोर्स करतो का? दोघांनी उत्तर दिलंच नाही, त्यांची नावं तिथंच कटाप.

आमचा करार पाचशेच्या बाँडवर झालेला. त्यात ‘मार्गदर्शन सेवा’ असा शब्द, रक्कम परत मिळणार नाही अशी ओळ, आणि वाद झाला तर न्यायक्षेत्र दिल्ली. ही शेवटची ओळ माणसाला घाबरवायला असते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, दहा लाखांपर्यंत 200 रुपये. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मी लातूरलाच तक्रार टाकली. पोलिसातही फसवणुकीचा अर्ज दिलाय, ते आता भारतीय न्याय संहितेच्या 318 कलमात येतं. तिथं अजून चौकशीच चालू आहे.

नोटीस गेल्यावर सरांचा माणूस शाळेत आला होता, मधल्या सुट्टीत. दीड लाख घ्या आणि मिटवा म्हणाला, वर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरचे मेसेज काढून टाका. दीड लाखात सोयाबीनचं बी-खत निघतं, हे त्यानंच मला ऐकवलं. मी त्याला रकमेसकट सगळं लिहून दे म्हटलं. त्यानं लिहून दिलं नाही. मेसेज ग्रुपवर तसेच आहेत, आणि बाँडची, पावत्यांची, रजिस्ट्रारच्या मेलची झेरॉक्स माझ्याकडं आहे. याच ऑफिसातून लेकरू पाठवायच्या तयारीत कुणी असेल तर अहमदपूरला येऊन बघून जावं.