सरप्राइज आहे, घरी फोन करू नका

२,५६,४०० रुपये. माझे एवढे पैसे बुडवून एक माणूस नागपुरातून पसार झाला आहे, आणि हाच प्रकार तो आणखी कोणासोबत तरी करणार याची मला खात्री आहे. म्हणून लिहिते आहे. ओळखीचे लोक वाचतील, हसतील, हसू देत. व्यक्तिचित्रं करणारे, मूर्तिकार, लग्नाचे अल्बम करणारे, ज्यांचं काम आधी होतं आणि पैसे नंतर येतात, त्या सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझा स्टुडिओ नागपूरच्या महाल भागात, मूर्तिकारांच्या चितार ओळीपासून पायी पाच मिनिटांवर. जुन्या वाड्यातला वरचा मजला, उत्तरेची खिडकी, म्हणून जास्त भाडं देऊनही मी तो सोडत नाही. तीस वर्षं व्यक्तिचित्रं करते आहे. आजकाल लोक फोनमधला फोटो कॅनव्हासवर छापून घेतात आणि तीन-चार हजारांत 'पेंटिंग' भिंतीवर लावतात. अशा दिवसांत कोणी येऊन तीन पिढ्यांचं कुटुंबचित्र तैलरंगात हवं म्हणतो, तेव्हा चित्रकार काय करेल? जे मी केलं तेच. घरबसल्या अक्कल शिकवणाऱ्यांनी आधी माझ्या जागी बसून वर्षभर घरभाडं आणि स्टुडिओभाडं दोन्ही भरून दाखवावं.

तो जुलैत आला. चाळिशीचा, नीटनेटका, बोलणं अदबीचं. सोबत एक बाई होत्या, त्यांची ओळख त्याने 'आमची मिसेस' अशी करून दिली. मामांचा डिसेंबरात अमृतमहोत्सव आहे, बेसा रोडला नवा बंगला झाला आहे, हॉलच्या भिंतीसाठी सगळ्या घराचं चित्र द्यायचं आहे. सहा बाय चार फूट, नऊ माणसं. शिवाय मामांच्या दिवंगत आई-वडिलांची वेगळी दोन चित्रं. मोठ्या चित्राचे १,८०,००० आणि छोट्या दोन चित्रांचे प्रत्येकी ४५,००० असं ठरलं. एका पैशाची घासाघीस नाही. फ्रेमा सागवानी, वर सोनेरी वर्ख, त्याचे २६,४०० मी आधी भरायचे आणि शेवटी हिशेबात धरायचे. ॲडव्हान्स म्हणून ४०,००० त्याने माझ्यासमोर यूपीआयने टाकले. आले. खरेच आले, माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आला, मी पासबुकही भरून पाहिलं. लोक विचारतात, तू भाळलीस कशी? खरे पैसे पाहून भाळले. खोटा माणूस पहिला हप्ता खराच देतो, हे डोक्यात ठेवा.

अट एकच होती. सरप्राइज आहे, घरी फोन करू नका. कोणाला बसवायचं नाही, सगळं फोटोंवरून. फोटो त्याने व्हॉट्सॲपवर पाठवले.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजूनही रात्री झोप उडते. आजी-आजोबांचा जोडीने काढलेला जुना स्टुडिओतला फोटो होता. मी स्केचला बसले आणि दोन मिनिटांत लक्षात आलं की फोटो उलटा आहे. आजींची नथ उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर, आजोबांच्या कोटाची उजवी बाजू डावीवर आलेली. आपल्याकडे नथ डावीकडेच असते, पदर डाव्या खांद्यावर असतो, पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर असते. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की असं होतं, जुन्या फोटोंत नेहमी सापडतं. पण आजींच्या गालावर तीळ होता. म्हणजे फोटो उलटवला की तीळही दुसऱ्या गालावर जाणार. चेहऱ्याचा प्रश्न, विचारल्याशिवाय कसं करायचं? मी त्याला फोन केला. म्हटलं, आजींचा तीळ खरा कोणत्या गालावर होता, घरात कोणाला तरी सहज विचारून सांगा.

तो म्हणाला, "ताई, तुम्हाला बरं वाटेल तसं करा. कोणाला काय समजणार आहे?"

आपल्या आजीबद्दल! मी तीस वर्षांत शेकडो घरांची चित्रं केली. लोक भुवईच्या एका केसावरून भांडतात. आईच्या मंगळसूत्राच्या वाट्यांवरून एका गृहस्थांनी माझ्याकडून तीनदा काम पुसून घेतलं होतं. 'नाही, आमच्या अण्णांचा ओठ असा नव्हता' म्हणत स्टुडिओत रडलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि हा म्हणतो, कोणाला काय समजणार आहे. तिथेच ब्रश खाली ठेवायला हवा होता. त्या माणसाचा त्या आजीशी काडीचाही संबंध नव्हता आणि ते त्या वाक्यात सरळ दिसत होतं. मी मात्र काय धरून चालले? की भाचा आहे, लहानपणी आजी गेली असेल, आठवत नसेल. पुरुषांचं लक्ष नसतं. काम सुरू झालं होतं, कॅनव्हास ताणून झाला होता, शासकीय चित्रकला महाविद्यालयाचा एक विद्यार्थी मदतीला ठेवला होता, त्याला १८,००० कबूल केले होते. नथीच्या भरवशावर मी फोटो उलटवला आणि तीळ डाव्या गालावर काढला.

नंतर त्याने असंही सुचवलं की सही मागच्या बाजूला करा, मामांना कोपऱ्यातली अक्षरं आवडत नाहीत. मी ऐकलं नाही, सही पुढेच केली. तेवढं एक बरं झालं. चित्रावर, मूर्तीवर, जिथे तुमचं नाव असतं तिथून ते कोणी हलवायला सांगत असेल, तर का ते खोदून विचारा.

पावसाळाभर काम चाललं. दमट हवेत जवसाच्या तेलाचा थर लवकर वाळत नाही, आणि खालचा थर नीट वाळल्याशिवाय वर जाड तेलकट रंग चढवला तर पुढे तडे जातात. म्हणून सप्टेंबरात हात आखडून बसावं लागलं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवसाचा उजेड संपेपर्यंत उभी राहिले. कॅनव्हास, स्ट्रेचर, रंग मिळून ३१,७५० खर्च.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तो छोटा टेम्पो घेऊन आला. रविवारी कार्यक्रम. 'यूपीआयला लाखाची मर्यादा आहे, म्हणून एनईएफटी केलं', असं म्हणून त्याने फोनवर पावती दाखवली: २,५६,४००, माझं नाव, माझ्या खात्याचे शेवटचे चार आकडे, हिरवी टिकखूण. स्क्रीनशॉट मला पाठवलाही. 'आज दुसरा शनिवार, बँका बंद, सोमवारी सकाळी जमा होईल.'

दुसऱ्या शनिवारी बँका बंद असतात हे कोणाला माहीत नाही? त्यामुळे ते पटलं. पण एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं, दर अर्ध्या तासाला पैसे पुढे जातात. हे मला माझ्या पुण्यातल्या मुलाने सोमवारी सांगितलं, आणि त्याच्या आवाजातली ती कीव मी विसरणार नाही. अजून एक: एनईएफटीचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराच्या ओळखीचा क्रमांक, सोळा अक्षरांचा असतो, सुरुवातीला बँकेची अक्षरं असतात. माझ्या स्क्रीनशॉटवर नुसते बारा आकडे होते, यूपीआयला असतात तसे. चित्र तयार करायला मला पाच महिने लागले, त्याला ती पावती तयार करायला पाच मिनिटं लागली असतील. स्क्रीनशॉट पाहू नका. समोरच्याचा फोन पाहूच नका. आपलं खातं उघडा, शिल्लक पहा, आणि शिल्लक वाढेपर्यंत माल दाराबाहेर जाऊ देऊ नका, मग कोणाचा अमृतमहोत्सव असो की लग्न.

सोमवारी पैसे नाहीत. फोन बंद. मनीषनगरचा पत्ता दिला होता, त्या इमारतीत त्या नावाचं कोणी राहतच नव्हतं.

पत्ता लागला तो फ्रेमवाल्यामुळे. इतवारीत त्यांचं दुकान आहे, मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच देते. ते एक दिवस म्हणाले, "ताई, बेसा रोडच्या बंगल्यावर तुमचं ते मोठं चित्र टांगायला बोलावलं होतं मला. तुमची सही ओळखली म्या. पण ते लोक तर म्हणून राहिले का चित्र मुंबईहून आणलं!"

मी गेले. आणि तिथे जे कळलं त्याने पायाखालची जमीन सरकली. तो भाचा नव्हताच. बंगल्याचं इंटेरियर करणाऱ्यांपैकी एक होता. त्या घराने चित्रांसाठी त्याला एकूण ६,५०,००० मोजले होते, २,५०,००० चेकने, बाकी रोख. त्यांना सांगितलं होतं मुंबईचे चित्रकार आहेत, कोणाला भेटत नाहीत, फोटोंवरूनच करतात. म्हणजे मला त्यांच्यापासून तोडलं आणि त्यांना माझ्यापासून. हे सगळं सरप्राइज एवढ्याचसाठी होतं. ज्यांना तो मामा म्हणायचा ते घरचे काका सज्जन आहेत. त्यांनी मला चहा दिला, चित्रासमोर नेलं आणि म्हणाले, "आईचा तीळ तुम्ही बरोबर काढला हो. फोटोत तो कायम चुकीच्या गालावर दिसायचा." तिथे मला रडू आवरलं नाही.

पण पैशांचा विषय निघाला की सज्जनपणा संपतो. आम्ही आमचे दिले, आमच्याकडे पावती आहे. बरोबर आहे. वकिलांनीही तेच सांगितलं: त्यांनी चांगल्या हेतूने, पैसे मोजून घेतलं आहे, माल विक्री अधिनियम, १९३० मधलं कलम २९ त्यांच्या बाजूने उभं राहील, चित्र परत मागता येणार नाही. निदान पोलिसांत जबाब तरी द्या म्हटलं, तर काकांचा मुलगा मध्ये पडला. चार लाख रोख दिले आहेत, ते कागदावर यायला नकोत.

आता पोलीस. हद्दीतल्या ठाण्यात गेले तर अधिवेशनाचे दिवस, सगळे बंदोबस्तावर. जे भेटले ते म्हणाले, "मॅडम, हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी मॅटर. वकील लावा." मी म्हटलं, खोटी पावती दाखवून माल नेला, खोटं नातं सांगितलं, हा व्यवहाराचा वाद कसा? तर म्हणे ऑनलाइन पावती आहे ना, मग सायबरला जा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, १९३०, तिथे फोन केला. तिथे पहिला प्रश्न: तुमच्या खात्यातून किती गेले? काहीच गेले नाहीत, यायचे होते ते आले नाहीत. मग आमच्याकडे नोंद कशी होणार, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात. मधल्या काळात साहेबांची बदली. नवीन साहेबांना पुन्हा पहिल्यापासून. बँकेत गेले, ज्या खात्यातून ४०,००० आले त्या खातेदाराचा पत्ता मागितला, तर ग्राहकाची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हा दाखल नाही तर पत्र कशाचं? गुन्हा दाखल का नाही? तर आरोपीचा पत्ता नाही. अरे, पत्ता बँकेकडे आहे! एका हवालदाराने वर विचारलं, एका चित्राचे एवढे पैसे कोण देतं? त्यांच्या टेबलामागे महापुरुषांची चार चित्रं टांगलेली होती, कोणीतरी हातानेच केलेली.

तुमच्यावर ही वेळ आली तर तोंडी बोलूच नका. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अर्जात भारतीय न्याय संहितेची कलमं स्वतः घाला: फसवणूक ३१८, दुसराच कोणी असल्याचं भासवून केलेली फसवणूक ३१९, बनावट दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद खरी म्हणून वापरणं ३४०. ठाण्याने घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस उपायुक्तांकडे, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मला हे कळेपर्यंत जानेवारी संपला होता. उपायुक्तांकडे अर्ज गेला आहे. स्पीड पोस्टची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही.

खर्च ७६,१५०, मिळाले ४०,०००. म्हणजे काम फुकट आणि वर ३६,१५० खिशातून. विद्यार्थ्याचे १८,००० मी पूर्ण दिले, त्याचा काय दोष.

ॲडव्हान्स निम्म्याहून कमी घेऊ नका. फोटो घेऊन येणारा त्या फोटोत कुठे आहे, हे विचारा. तो नऊ जणांत नव्हता! भाचा म्हणवणारा माणूस तीन पिढ्यांच्या चित्रात स्वतः नाही, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं: देणारा चित्रात कशाला येईल. एकदा तरी घरी जाऊन या, फर्निचर बघायचं आहे म्हणा, भिंतीवरचा उजेड बघायचा आहे म्हणा, काहीही सांगा. आणि फोटोतल्या एखाद्या माणसाबद्दल असं काही विचारा जे घरच्यालाच माहीत असेल. घरचा असेल तर तो सांगत सुटेल, थांबवावं लागेल.

मागच्या आठवड्यात त्या बंगल्यातून फोन आला. चित्रातले गडद भाग जागोजागी निस्तेज दिसतात, येऊन पाहाल का? तैलरंगातलं तेल आत शोषलं गेलं की असं होतं, आणि शेवटचं वार्निश मी केलेलंच नाही, ते सहा महिन्यांनी करायचं असतं. माझं काम आहे, खराब होऊ देणार नाही. वार्निशचे १२,००० सांगितले आहेत. आधी, आणि माझ्या खात्यात दिसल्यावर.