ई-वाचनयंत्रावर मराठी कादंबऱ्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या सहा इंची ई-इंक वाचनयंत्रावर मी आतापर्यंत जवळजवळ केवळ मराठी कादंबऱ्याच वाचल्या आहेत. अशा यंत्रांची बॅटरी, वजन आणि साठवणक्षमता यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. परंतु कादंबरी कोणत्या जातीची आहे, यावर यंत्राची उपयुक्तता किती अवलंबून असते, हे मला कोठे वाचायला मिळाले नव्हते. माझा अनुभव असा आहे की, तेच यंत्र एका कादंबरीला वरदान ठरते आणि दुसरीला अडचण.

पडद्याबद्दल तक्रार नाही. ई-इंकचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो आणि त्याला वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना; त्यामुळे बडोद्याच्या उन्हात कमाटीबागेतल्या बाकावर बसूनही अक्षरे स्पष्ट दिसतात आणि चार्जरची आठवण कित्येक दिवस होत नाही.

खरी परीक्षा घेतली ती ‘मृत्युंजय’ने (१९६७). एवढा जाडजूड ग्रंथ आडवे पडून वाचणे मनगटाला झेपत नाही, आणि तो त्रास यंत्राने पुरता मिटवला. आईने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अक्षरे मोठी करून ही कादंबरी पुन्हा वाचायला घेतली, तेव्हा तर या एका सोयीसाठी यंत्राचे पैसे वसूल झाले असे मला वाटले. परंतु शिवाजी सावंतांनी ही कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण यांच्या तोंडून, प्रत्येक वेळी प्रथमपुरुषी निवेदनात सांगितली आहे. यंत्र आपण थांबलो त्याच पानावर उघडते. ही एरवीची सोय येथे उलटी पडते, कारण दोन दिवसांनी वाचायला बसल्यावर समोरचा ‘मी’ कोण, हे चटकन उमगत नाही, आणि माझ्या प्रतीत पानाच्या माथ्यावर फक्त पुस्तकाचे नाव येत होते. एका दुपारी आईने चष्मा वर करून विचारले, “अरे, हा शोण बोलतोय की कर्ण?” छापील प्रतीत बोट अडकवून चार पाने मागे जाणे हे काम क्षणाचे असते, येथे अनुक्रमणिका उघडून, विभागाचे शीर्षक पाहून परत यावे लागते. शेवटी प्रत्येक विभागाच्या पहिल्या पानावर खूण करून ठेवण्याचा उपाय आम्ही काढला. खांडेकरांच्या ‘ययाति’तही (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात, पण तेथे हा घोळ फारसा झाला नाही, देवयानीचा ताठा दोन वाक्यांतच ओळखू येतो.

सरळ रेषेत पुढे जाणाऱ्या कादंबऱ्यांना यंत्र उत्तम मानवते. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) मी विनाअडथळा वाचली. नारायण धारपांच्या भयकादंबऱ्या तर मला कागदापेक्षा येथे अधिक रंगल्या: खोलीतला दिवा मालवलेला, यंत्राच्या अंगच्या दिव्याचा उजेड मंद केलेला, आणि पुढच्या पानावर काय आहे हे नजरेच्या कोपऱ्यातून आधीच दिसण्याची सोय नाही. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराच्या डायरीच्या तुटक नोंदी छोट्या पडद्यावर नेमक्या बसतात. याउलट लांबलचक शब्दांनी भरलेल्या परिच्छेदांत दोन्ही कडा सरळ राखण्याच्या नादात शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात, कारण माझ्या यंत्राला मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडता येत नाही. डावी कड तेवढी सरळ ठेवण्याचा पर्याय निवडल्यावर डोळ्यांना आराम पडला.

टंकाबद्दल (फॉन्टबद्दल) मात्र माझी नाराजी कायम आहे. यंत्रातला अंगभूत टंक हिंदी वळणाचा असल्याने ‘ल’ आणि ‘श’ मराठी वाचकाला परके वाटतात, आणि काही फाइलींत ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘दुसर्या’ असा छापलेला आढळतो. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची फुकट उपलब्ध असलेली एक प्रत मी उतरवून घेतली, तर तिच्यात छापील पानांच्या चित्रांवरून संगणकाने अक्षरे ओळखताना ‘घ’चा ‘ध’ आणि ‘म’चा ‘भ’ झालेला होता. यमूच्या तोंडची ती साधी, घरगुती भाषा इतकी जिवंत आहे की, अशा चुकांची ठेच प्रत्येक पानावर लागावी याचा मनस्ताप होतो. ही कादंबरी मुळात ‘करमणूक’मधून क्रमशः आली होती, त्यामुळे रोज थोडी थोडी वाचण्याची यंत्राची रीत तिला शोभते, प्रत मात्र पैसे देऊन, शुद्ध केलेली घ्यावी. जुन्या रहस्यकथांच्या, विशेषतः बाबूराव अर्नाळकरांच्या, स्कॅन केलेल्या पानांचा नाद सहा इंची पडद्यावर मुळीच करू नये. तेथे अक्षरे मोठी करता येत नाहीत, केवळ चित्र मोठे होते, आणि त्यांच्या झुंझार या नायकाच्या पाठलागापेक्षा आपलाच पाठलाग पानभर चालतो.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) मी मुद्दाम कागदावर वाचली. शेजारी नकाशा पसरून, मागेपुढे पाने चाळत वाचण्याचे ते पुस्तक आहे, आणि मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची वाट मोडण्याची माझी इच्छाही नव्हती. सयाजीरावांच्या काळात १९१० साली सुरू झालेल्या या ग्रंथालयाची, पुस्तकांच्या कपाटांमधली काचेची जमीन पाहण्यासाठी तरी एकदा जावे. पानिपतच्या रणात बडोद्याच्या गायकवाड घराण्यातले दमाजीही होते, आणि लढाईची तारीख १४ जानेवारी १७६१. बडोद्यात त्याच तारखेला उत्तरायणाचे पतंग उडत असताना गच्चीवर बसून ती शेवटची पाने वाचणे फार विचित्र वाटले.

आणखी एक अडचण सांगायलाच हवी. शेजारच्या मावशींनी ‘बनगरवाडी’ मागितली, तेव्हा माझ्या खात्यावर विकत घेतलेली प्रत त्यांना देण्याचा मार्गच नव्हता; यंत्रच द्यायचे, तर माझे वाचन थांबणार. माडगूळकरांची ही कादंबरी आकाराने लहान, किमतीने हलकी, म्हणून मी सरळ छापील प्रत आणून दिली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरांत पुस्तके या दारातून त्या दारात फिरत असतात. ज्यांच्याकडे हीच पद्धत आहे, त्यांनी ई-पुस्तक दुसऱ्याला वाचायला देता येते का, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.