बडोद्यात कोळंबीचं बी तळ्यावर पोहोच: पॅकिंग उत्तम, सूचनापत्रक चुकीचं

डभोई, पादरा, वाघोडिया भागातल्या मातीच्या तळ्यांवर गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीचं बी, म्हणजे तळ्यात सोडायची बारकी पिल्लं, बांधापर्यंत आणून देणारी ही सेवा. मार्च ते जुलैमध्ये जरूर घ्या. फक्त सोबतचं सूचनापत्रक बाजूला ठेवा.

पॅकिंगला पैकीच्या पैकी गुण. दुहेरी पिशवी, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, पिशवीत हजार पिल्लं, वर थर्माकोलचा खोका. तळाचे दोन्ही कोपरे रबर लावून गोल केलेले असतात. हे किरकोळ वाटेल, पण कोपऱ्याच्या चिमटीत पिल्लं अडकून मरतात, आणि डोक्यावरचा काटा एकेरी पिशवीला भोक पाडतो. मोजून पाहिलेल्या पिशव्यांत संख्याही कमी भरली नाही.

बी पारखायचं तर एक पिशवी पांढऱ्या घमेल्यात ओता आणि हाताने पाणी गोल फिरवा. तयार पिल्लू सरळ पोहतं, तळाला पाय रोवून प्रवाहाविरुद्ध तग धरतं. पोट वर आणि शेपटी पुढे करून पोहणारी दिसली तर त्या अजून अळ्याच आहेत. त्यांना मचूळ पाणी लागतं, तळ्यात त्या जगत नाहीत. अंग काचेसारखं हवं. शेपटीचं मांस दुधाळ दिसलं तर खोका उतरवून घेऊ नका, कारण पांढऱ्या शेपटीचा विषाणू काही दिवसांत सगळं बी संपवू शकतो. पीसीआरचा, म्हणजे विषाणू शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा रिपोर्ट मागितल्याशिवाय देत नाहीत. मागा, आणि बॅच नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा.

आता ते पत्रक. त्यात लिहिलंय, पिशव्या उघडून तासभर तळ्यात तरंगू द्या. नेमकं हेच करायचं नाही. बंद पिशवीत पिल्लांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. तोंड उघडलं की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा पिशवी बंदच ठेवून अर्धा तास तरंगवा. वाहतुकीत पाणी 22 अंशांच्या आसपास असतं आणि मेमध्ये तळं 30च्या वर, म्हणून फरक उरला तर आणखी थोडा वेळ थांबा. मग उघडल्याबरोबर तांब्या-तांब्याने तळ्याचं पाणी घालत 15-20 मिनिटांत पिशवीतलं पाणी दुप्पट-तिप्पट करा. शेवटी पिशवी पाण्यात आडवी धरा, पिल्लं आपणहून निघतात. ओतू नका.

ऑर्डर घेताना पाण्याचा कठीणपणा (विरघळलेल्या चुन्यासारख्या क्षारांचं प्रमाण) कोणी विचारत नाही, ही मोठी उणीव. बोअरच्या पाण्यात तो लिटरला 300 मिलिग्रॅमच्या वर असेल तर वाढ खुंटते आणि कवचावर थर धरतो. नर्मदा कालव्याचं पाणी मिळत असेल तर मिसळा. एकरी 20 हजार बी भरायचा आग्रहही मानू नका, 10 ते 12 हजार पुरे. दाटी झाली की कात टाकलेल्या मऊ कोळंबीला बाकीच्या खातात, आणि निळ्या नांग्यांचे दांडगे नर बारक्यांची वाढ दाबून ठेवतात. लपायला जुनी कौलं किंवा नारळाच्या झावळ्या टाका.

भरपाई फक्त पिशवीत मेलेल्या बियाची देतात, हे पटण्यासारखं नाही. धक्क्याने मरणारी पिल्लं दुसऱ्या दिवशी मरतात. शंभर पिल्लं तळ्यातच हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पिंजऱ्यात सोडा, 24 तासांनी गाडीवाल्याला व्हिडिओ कॉल लावून मोजा आणि ही अट ऑर्डरआधीच लिहून घ्या.

सप्टेंबरचं बुकिंगही ते घेतात. तुम्ही करू नका. पिकाला पाच-सहा महिने लागतात, आणि बडोद्याच्या जानेवारीच्या रात्रींनी उथळ तळं 20 अंशांखाली गेलं की कोळंबी खाणं सोडते. पाणी 14 अंशांवर आलं तर विकण्याजोगी होण्याआधीच मरते.