केनपॉमचं सबस्क्रिप्शन: मुरलेला खेळाडू परत आला की टीमचं काय होतं, हे बघायला घेतलं

मी अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीत मास्टर्स केलं आणि तेव्हा तिथल्या बास्केटबॉलचं, मॅकी अरीना या स्टेडियमचं, जे वेड लागलं ते अजून सुटलेलं नाही. दरवर्षी एप्रिल-मे आला की आमच्या ग्रुपवर एकच विषय, कोण थांबतोय, कोण एनबीएच्या ड्राफ्टला (प्रोफेशनल टीम्स खेळाडू निवडतात त्याला) चाललाय, कोण ट्रान्स्फर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत) गेला. आणि एखादा मुरलेला खेळाडू "अजून एक वर्ष खेळतो" म्हणाला की सगळे लगेच, झालं, यंदा आपणच! मीपण त्यातलाच. पण २०२३ च्या उन्हाळ्यात नुसतं असं म्हणून मनाला चैन पडेना, म्हणून केनपॉमचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि तेव्हापासून रिन्यू करत आलोय, तर त्याबद्दल लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या आकड्यांची साइट आहे, केन पॉमरॉय नावाचा माणूस चालवतो, तो मूळचा हवामानशास्त्रवाला. सगळ्या टीम्सच्या रेटिंगचा मेन तक्ता फुकट दिसतो. पैसे भरले की प्रत्येक टीमचं आतलं पान उघडतं, प्रत्येक खेळाडूचे आकडे, जुने सीझन, येणाऱ्या मॅचेसचे अंदाज, सगळं. मी घेतलं तेव्हा वर्षाला २५ डॉलरच्या आत काम झालं.

आता यात वेगळं काय ते सांगतो. नेहमी आपण बघतो की ही टीम मॅचला ८५ पॉइंट करते आणि ती ६५, म्हणजे पहिलीचा अटॅक भारी. पण पहिली टीम धावत सुटते आणि दुसरी प्रत्येक वेळी शॉट क्लॉक, म्हणजे शॉट टाकायची मुदत, संपत आल्यावर बॉल टाकते, तर ही तुलनाच चुकीची ना. म्हणून इथे १०० पझेशनमागे (बॉल टीमच्या हाती आला की एक पझेशन) किती पॉइंट केले आणि किती दिले हे मोजतात, आणि समोरची टीम किती तगडी होती त्याप्रमाणे तो आकडा वरखाली करतात. पझेशन पण सूत्रावरून काढतात, टाकलेले शॉट, त्यातून ऑफेन्सिव्ह रीबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं) वजा, मग टर्नओव्हर (शॉट न टाकताच बॉल गमावणं) मिळवायचे आणि फ्री थ्रोच्या ०.४७५ पट मिळवायचे. मी एकदा एका मॅचच्या बॉक्स स्कोअरवरून, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यावरून, वहीत हे गणित मांडून बघितलं, आणि त्यानंतर मला टीव्हीवर नुसता स्कोअर बघून मत बनवताच येत नाही.

मुद्द्यावर येतो. १७ मार्च २०२३. एनसीएए टूर्नामेंट, म्हणजे कॉलेजांची राष्ट्रीय बाद स्पर्धा. पर्ड्यू नंबर वन सीड (गटातलं सगळ्यात वरचं मानांकन), समोर फेअरली डिकिन्सन, सोळावं म्हणजे सगळ्यात खालचं सीड, आख्ख्या डिव्हिजन वनमधली (कॉलेज खेळातली सगळ्यात वरची पातळी) सरासरी उंचीने सगळ्यात बुटकी टीम. आमच्याकडे झॅक ईडी, ७ फूट ४ इंच, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. हरलो, ६३-५८. झॅकने २१ पॉइंट आणि १५ रीबाउंड काढले होते हो! पण थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून टाकायचे तीन पॉइंटचे शॉट, २६ टाकले त्यातले ५ गेले. त्यांची पोरं झॅकच्या पुढेमागे चिकटून उभी आणि आमचे गार्ड, म्हणजे बाहेरून खेळणारे, मोकळे उभे राहूनसुद्धा बॉल रिंगला लागून बाहेर. ती रात्र मी कधी विसरणार नाही.

मग ३१ मे ला, ड्राफ्टमधून नाव मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, झॅक म्हणाला परत येतोय. आणि हे नीट समजून घ्या, झॅक कॅनडाचा, म्हणजे एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, फोटोवर पैसे कमवायची मुभा मिळाली, पण एफ-१ वाल्याला बाहेर काम करायला किती बंधनं असतात ते आपल्यापैकी जे त्यावर राहिलेत त्यांना सांगायला नको. अमेरिकन खेळाडू जे सहज कमवत होते ते त्याला इथे राहून तसं मिळणार नव्हतं. तरी आला. मला त्या दिवशी खरंच भरून आलं होतं.

पण प्रश्न तोच. झॅक तर हरलेल्या टीममध्येसुद्धा होताच की. तोच माणूस परत आला म्हणून निकाल का बदलेल? नेमकं इथे ते टीमचं पान कामाला आलं. त्या पानावर खेळाडू कोण किती पझेशन स्वतःवर घेतो त्याप्रमाणे गटात लावलेले असतात, सगळ्यात वर २८ टक्क्यांपेक्षा जास्त घेणारे, मग खाली खाली जात अगदी शेवटी १२ टक्क्यांच्या आतले, ज्यांना साइटवर जवळजवळ अदृश्य असंच म्हटलंय. झॅक वरच्या टोकाला असणार हे सांगायला साइट नको. मी बघायला लागलो त्याच्या खालच्या ओळी. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, दोघंही २०२२-२३ ला फ्रेशमन होते, आणि दोघंही भरपूर मिनिटं खेळलेले. म्हणजे मार्चमध्ये ज्यांच्या हातून बॉल निसटत होता ती पहिल्या वर्षाची पोरं होती आणि आता तीच एक वर्ष जुनी होऊन येणार. त्यात सदर्न इलिनॉयमधून लान्स जोन्स आला, चार वर्षं खेळून झालेला गार्ड, कोविडमुळे खेळाडूंना जे एक जादा वर्ष मिळालं त्यावर पाचव्या वर्षी. डिफेन्सला पळणारा, बॉल घेऊन स्वतः वाट काढणारा, आमच्याकडे नेमकं हेच नव्हतं. आणि टीमचं थ्री पॉइंट शूटिंग ३२ टक्क्यांच्या आसपास होतं, ते इतकं वाईट राहायला नको असं मला तेव्हाच वाटलं.

झालं पण तसंच. २०२३-२४ ला शूटिंग ४० टक्क्यांवर गेलं. झॅकचे सरासरी पॉइंट २२.३ वरून २५.२ झाले, रीबाउंड १२.९ वरून १२.२, म्हणजे तो थोडा वाढला, पण खरा फरक बाहेरच्या पोरांनी केला, कारण आता त्याच्यावर दोघं-तिघं धावले की कोपऱ्यात मोकळा उभा असलेला माणूस बॉल आत टाकत होता. टेनेसीविरुद्ध ७२-६६ जिंकलो तेव्हा झॅकचे ४० पॉइंट, १६ रीबाउंड, आणि पर्ड्यू १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोरला, म्हणजे सेमीफायनलला. मी घरात एकटा ओरडत होतो.

उलटं उदाहरण पण याच साइटवर बसून बघितलं, नॉर्थ कॅरोलायनाचं. २०२२ ची फायनल कॅन्ससकडून ७२-६९ हरले, हाफला १५ ने पुढे असताना. पुढच्या वर्षी सुरुवातीच्या पाचातले चार परत आले, बेकॉट, लव, डेव्हिस, ब्लॅक. सीझनच्या आधी देशात नंबर वन. आणि शेवटी एनसीएए टूर्नामेंटमध्ये प्रवेशच नाही मिळाला! चार परत आले हे सगळ्यांनी बघितलं, पण गेला तो पाचवा ब्रेडी मॅनेक, उंच असून बाहेरून ४० टक्क्यांच्या आसपास टाकणारा, त्याच्यामुळे बेकॉटला आत मोकळी जागा मिळायची. तो गेला आणि आतली जागाच आकसली. साइटवर मागच्या सीझनची किती मिनिटं त्याच खेळाडूंकडे राहिली त्याचा एक टक्का दिलेला असतो, पण नुसता तो बघून खूश होऊ नका, कुठली मिनिटं गेली ते बघा. परत आलेला माणूस ज्याच्या जिवावर खेळायचा तो गेला असेल तर हाती फार काही लागत नाही.

काय नाही ते पण सांगतो. इंजुरी धरून अंदाज बदलत नाहीत, त्यामुळे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कोणी परत येत असेल तर तो किती टक्के फिट आहे हे इथे कळणार नाही, त्यासाठी मॅचच बघावी लागते, पहिल्या दोन-तीन मॅचमध्ये तो उडी मारून कुठल्या पायावर उतरतो, पडल्यावर लगेच उठतो का, डिफेन्सला बाजूला सरकताना कचरतो का. सीझनच्या आधीचे रेटिंग ऑक्टोबरमध्ये येतात ते तर मागच्या वर्षांवरूनच काढलेले असतात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या मॅचेस होत जातात तसतसं त्यांचं वजन कमी होतं, म्हणून सुरुवातीच्या नंबरवरून भांडू नये. व्हिडिओ वगैरे काही नाही, पानभर बारीक आकडे, मोबाइलवर आडवं धरून वाचावं लागतं. मला ते आवडतं, जाहिरातींचा भडिमार असलेल्या पानापेक्षा शंभरपट बरं. फक्त हायलाइट बघणाऱ्याने घेऊ नये, त्याला फुकटचा तक्ता पुरे.

आणि हो, २०२४ ची फायनल. यूकॉनने, म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटीने, ७५-६० ने हरवलं. झॅकचे ३७ पॉइंट, आणि पूर्ण टीमने थ्री पॉइंटर टाकले किती तर ७, गेला १. यूकॉनने झॅकवर बहुतेक वेळ त्यांचा उंच सेंटर क्लिंगन एकटाच सोडला आणि बाकी चौघं आमच्या शूटरना चिकटून राहिले, त्याला हवे तितके पॉइंट करू दे म्हणाले. मी मॅच संपल्यावर रात्री ते पान उघडलं, थ्री पॉइंटच्या रकान्यातला तो एक बराच वेळ बघत बसलो, आणि मग पुढच्या वर्षी कोण कोण परत येतंय ते बघायला खाली स्क्रोल केलं. स्मिथ आणि लॉयर दोघांच्या नावापुढे अजून दुसरंच वर्ष लिहिलेलं होतं.