एक पौंडाचा हक्क, पाच पौंडांचा परवाना की लिलावातला प्लॉट?

समजा, साल १८५८. जिलाँग बंदरात उतरून तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीत, सोन्याच्या खाणींच्या बॅलरॅटला पोहोचला आहात. गाठीला थोडे पौंड आहेत. डोक्यावर छप्पर हवे, जमलेच तर चार पैसे मिळवायला एखादे दुकानही. सोने सापडले तर सोन्याहून पिवळे, पण सगळी भिस्त त्यावर नाही. अशा माणसापुढे तीन वाटा आहेत: एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ (खाणकामगाराचा हक्क देणारा कागद), पाच पौंडांचा धंद्याचा परवाना, किंवा सरकारी लिलावात घेतलेला मालकीचा प्लॉट.

कायद्याने इथली सगळी जमीन ब्रिटनच्या राणीची. ती मुळात ज्यांची, त्या वदवुरंग लोकांना कोणी विचारलेही नव्हते, हे आधी सांगून ठेवतो. त्यामुळे पहिल्या दोन वाटांनी मिळतो तो फक्त भोगवटा. बाकी साऱ्या जगापुढे तुम्ही कब्जेदार, राणीपुढे मात्र नाही. कायद्याच्या मजकुरात हा अपवाद स्पष्ट घातलेला आहे आणि निर्णय घेताना तो विसरून चालणार नाही.

तरीही तुम्ही बऱ्या काळात आलात. सप्टेंबर १८५१ पासून इथे महिन्याला ३० शिलिंगांचा परवाना लागायचा, म्हणजे (वीस शिलिंगांचा एक पौंड) वर्षाला १८ पौंड, आणि तोही सोने सापडो न सापडो. कागद कायम अंगावर बाळगावा लागे. पोलीस खड्ड्याच्या तोंडाशी उभे राहून मागत आणि नसला की दंड. १८५३ मध्ये दर उतरून वर्षाला ८ पौंड झाला, पण दुकानदाराचा परवाना वर्षाला ५० पौंडांवर नेऊन ठेवला. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे बॅलरॅटच्या युरेका भागात परवान्याविरुद्ध बंड केलेल्या खाणकामगारांच्या तटबंदीवर सैन्याने हल्ला केला, मग चौकशी आयोग बसला आणि १८५५ च्या कायद्याने ही सगळी व्यवस्था मोडीत काढली. सरकारने महसूल सोन्याच्या निर्यातीवर वळवला, औंसामागे अडीच शिलिंग. जो खणत नाही त्याला या जकातीची झळ थेट लागत नाही. तुमच्यासारख्या दुकानाचा विचार करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

आता पहिला कागद. मायनर्स राइट वर्षाला एक पौंड. एवढ्यात तीन गोष्टी पदरात पडतात: खाणीचा दावा लावता येतो, मायनिंग बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येते आणि सरकारी जमिनीवर घरापुरती जागा धरता येते. ही जागा साधारण पाव एकरापर्यंत, म्हणजे आपले दहा गुंठे. खोपट, भाजीचा वाफा, कोंबड्या आणि मागे शेळी, एवढे आरामात मावते. नेमके माप आणि अटी त्या त्या जिल्ह्याच्या नियमांवर ठरतात आणि हे नियम मेलबर्नचे साहेब करत नाहीत. आधी निवडून आलेली लोकल कोर्टे करत होती (युरेकावाला इटालियन राफाएलो कार्बोनी १८५५ मध्ये बॅलरॅटच्या पहिल्या कोर्टात निवडून आला होता), १८५७ पासून मायनिंग बोर्ड करतात. तंटा झालाच तर वॉर्डन नावाचा अधिकारी जागेवर येऊन हद्द बघतो आणि निकाल देतो. म्हणून चारही कोपऱ्यांच्या खुंट्या पक्क्या ठोका आणि कागदाची मुदत संपण्याआधी पौंड भरा. शेजाऱ्याच्या भल्या स्वभावावर विसंबू नका.

या कागदाची कमजोरी एकच. घराच्या जागेवर दुकान मांडता येत नाही. घरच्या कोंबडीची दोन अंडी शेजारणीला दिली म्हणून कोणी तक्रार करणार नाही, पण दारात पिठाची पोती रचून गिऱ्हाईक करू लागलात की शेजारचा परवानाधारक दुकानदारच तुमच्यावर बोट ठेवेल.

दुसरा कागद धंद्याचा. वर्षाला पाच पौंड. राहणे आणि व्यापार एकाच जागेवर करता येतात, मात्र खणता येत नाही. त्यासाठी मायनर्स राइट वेगळा काढावा लागतो. ५० पौंडांच्या मानाने पाच पौंड किरकोळ वाटतात आणि खरेच आहेत. खर्च पुढे लागतो. दारू विकायची तर हा परवाना पुरत नाही, मद्याचा स्वतंत्र परवाना लागतो. १८५४ च्या मध्यापर्यंत खाणींवर दारूबंदीच होती आणि ‘स्लाय ग्रॉग’, म्हणजे चोरटी दारू, विकणाऱ्याचा तंबू पोलीस जाळून टाकत, त्यामुळे या बाबतीत अधिकाऱ्यांचा हात अजूनही जड आहे.

या परवान्याची खरी किंमत बघायची असेल तर बॅलरॅटच्या मेन रोडवरून एकदा चालत जा. रस्ता सरळ असा कुठेच नाही. जिथे खड्डे होते तिथून वळसा, जिथे तंबू होते तिथून फाटा, असा तो घडत गेला. दोन्ही बाजूंना लाकडी आणि कापडी दुकाने एकमेकांना खेटून उभी. गर्दी म्हणाल तर मुंगीला वाट नाही, कारण खाणीवरून निघालेला माणूस आधी इथेच पोहोचतो. गल्ला भरतो, पण एक ठिणगी पडली की ओळच्या ओळ जाते, आणि यारोवी ओढ्यात खाणींचा गाळ साचत असल्यामुळे पाऊस झाला की पाणी दुकानात. १८५४ च्या ऑक्टोबरात संतापलेल्या जमावाने बेंटलीचे युरेका हॉटेल जाळले, तेव्हा ती एवढी मोठी इमारत बघता बघता खाक झाली. भोगवट्याच्या जागेवर कोणी दगडी बांधकाम सहसा करत नाही, कारण उद्या राणीने जागा मागितली तर दगड उचलून नेता येत नाहीत. लाकूड नेता येते. लोक घरेच्या घरे गाडीवर चढवून नव्या खाणीकडे हलवतात.

तिसरी वाट म्हणजे मालकी. ओढ्याच्या पश्चिमेला, पठारावर, अर्कहार्ट नावाच्या सर्व्हेयरने १८५२ मध्ये गाव आखले. तिथला स्टर्ट स्ट्रीट सुमारे २०० फूट रुंद आणि बाणासारखा सरळ. प्लॉट सरकारी लिलावात जातात. एकदा पैसे मोजले की दरवर्षीचा कागद नाही, वॉर्डन नाही, खुंट्यांची राखण नाही. बँका, वकील आणि दगडी दुकाने तिकडेच सरकत आहेत. अडचण अशी की लिलावात तुमच्यापुढे बोली लावणारे तगडे असतात आणि प्लॉट घेतल्यावर बांधायला हातात काही उरले पाहिजे. खणणारे गिऱ्हाईकही अजून खालच्या अंगालाच जास्त.

माझे मत विचाराल तर काहीही ठरवा, पण मायनर्स राइट आधी काढा. एका पौंडात इतके देणारा दुसरा कागद या वसाहतीत नाही. घर त्यावरच करा. दुकानाचा परवाना घ्यायचा तर आधी खालची जमीन कोणत्या जातीची आहे ते बघा. उथळ गाळाचे सोने असेल तर गर्दी वर्षभरात पुढच्या ‘रश’कडे, म्हणजे नव्या सोन्यामागच्या झुंबडीकडे, पळेल, तिथे तंबूतले दुकान आणि पाच पौंड हेच बरोबर. बॅलरॅटसारखे जमिनीत खोल गाडलेले जुन्या नद्यांचे प्रवाह किंवा बेंडिगो या दुसऱ्या खाणगावासारख्या गारेच्या शिरा असतील तर कंपन्या येतात, यंत्रे येतात, मजूर बायकापोरांसह राहतात. अशा ठिकाणी दोन वर्षे परवान्यावर धंदा करून मिळकतीतून मालकीचा प्लॉट घेणे मला शहाणपणाचे वाटते. सगळी पुंजी पहिल्याच दिवशी लिलावात ओतू नका.

तुम्ही चिनी असाल तर मात्र वरचे हिशेब जसेच्या तसे लागू होत नाहीत. १८५५ च्या कायद्याने बंदरातच माणशी दहा पौंड कर लावला, म्हणून कित्येकांनी दक्षिण ऑस्ट्रेलिया या शेजारच्या वसाहतीतल्या रोबला उतरून शेकडो मैल पायपीट केली. शिवाय राहायचे ते नेमून दिलेल्या छावण्यांमध्ये, आणि १८५७ पासून नुसत्या रहिवासाचा कर वेगळा. घरासाठी मनाजोगती दहा गुंठे जागा निवडणे ही बात त्यांच्यासाठी कागदावरच राहिली.

थांबायची तयारी असेल, तर पुढचे वारे भोगवटादाराच्या बाजूचे आहेत. १८६५ मध्ये मायनर्स राइटची फी पाच शिलिंगांवर आली. त्याच वर्षीच्या जमीन कायद्यातल्या ४२ व्या कलमाने खाणींच्या आसपास शेतीसाठी जमीन परवान्यावर घेण्याची सोय केली, आणि १८८१ च्या कायद्याने घराच्या जागा धरून बसलेल्यांना त्या विकत घेण्याची वाट मोकळी केली. बेंडिगोच्या आयर्नबार्क भागात आज जे वेडेवाकडे, एकमेकांत घुसलेले प्लॉट दिसतात, ते अशाच खुंट्यांच्या हद्दी पुढे मालकीच्या झाल्यामुळे.