रस्ता खरवडून तिथेच नवा: भाड्यानं मिळणाऱ्या एफडीआर ताफ्याचं परीक्षण

ऑफिसच्या वेळेला छत्रपती संभाजीनगरचा जालना रोड क्रांती चौक ते सिडको पार करून बघा. महिनाभर लेन उकरून ठेवणं इथे का परवडत नाही ते कळेल. अशा रस्त्यांसाठी फुल डेप्थ रिक्लेमेशनचा (एफडीआर) अख्खा ताफा भाड्यानं मिळतो: रीसायकलर (दातेरी ड्रमनं रस्ता दळणारं मशीन), सिमेंट पसरणारा स्प्रेडर, पाण्याचा टँकर, उंचवटे असलेल्या चाकाचा पॅडफूट रोलर, पातळी करणारा ग्रेडर. जुनं डांबर आणि खालची खडी 20 ते 30 सेंमी खोल दळायची, त्यातच सिमेंट-पाणी मिसळून पाया करायचा. सेवा चांगली आहे, पण काळ्या मातीत ती कुठे फसते हे कोटेशनमध्ये सापडत नाही.

आधी हिशोब. जाडी 25 सेंमी आणि घनता घनमीटरला 2.1 टन धरली, तर चौरस मीटरला 525 किलो माल होतो. 5 टक्के सिमेंट म्हणजे साधारण 26 किलो. सात मीटर रुंदीला किलोमीटरमागे 184 टन सिमेंट लागतं आणि 3,675 टन जुना माल जागेवरच कामी येतो. म्हणजे 20 टनी हायवा डंपरच्या 184 खेपांची खडी वाचली. मलबा उचलायच्या खेपा वेगळ्याच. मात्र सिमेंट बनवतानाही कार्बन निघतोच. त्यामुळे ‘सात टक्के टाका, पक्कं होईल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जादा सिमेंटनं पाया ताठर होतो, आकसतो आणि भेगा वरच्या डांबरात उमटतात. आयआरसी 37 मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत, अशा पायाला सात दिवसांची ताकद 4.5 ते 7 मेगापास्कल मागितली आहे. लॅबमध्ये तेवढी येईल इतकंच सिमेंट घाला.

स्प्रेडर तपासायला एक बाय एक मीटरची ताडपत्री चाकांच्या मधोमध अंथरा, गाडी वरून जाऊ द्या, चारी कोपरे उचलून काट्यावर ठेवा. 26 ऐवजी 20 किलो भरलं तर गाडी तिथेच थांबवा.

सिमेंटला पाणी लागल्यापासून दोन तासांत दबाई संपली पाहिजे. मे महिन्याच्या उन्हात ओल त्याआधीच उडते, म्हणून काम रात्रीच. रहदारीचाही त्रास कमी. रीसायकलरचा ड्रम साडेतीन मीटरच्या लेनपेक्षा अरुंद असतो, त्यामुळे दोन फेऱ्या होतात. दुसऱ्या फेरीत जो पट्टा पहिल्या फेरीवर चढतो, त्यावरचे पाण्याचे नोझल बंद करायला ऑपरेटर विसरला की तिथे दुप्पट पाणी पडतं. रोलरपुढे माल लाटेसारखा सरकायला लागला, तर दोष हाच. पुढे चाकोरी तिथेच पडते.

खरी गोम काळ्या मातीची. कागदावर खडीचा थर 40 सेंमी असतो, कडेला खड्डा घेतला तर 15 च निघतो. ड्रम काळ्या मातीत घुसला की ती गोळे बांधते, आत सिमेंट शिरतच नाही. म्हणून ताफा बोलवायच्या आधी ठरावीक अंतरावर खड्डे घ्या, मधे आणि कडेला दोन्हीकडे. जिथे माती वर आहे तिथे आधी 3 ते 5 टक्के चुना मिसळून एक-दोन दिवस मुरू द्या, मग सिमेंट. खांदे, म्हणजे डांबराबाहेरच्या कडेच्या पट्ट्या, उघडे सोडले तर उन्हाळ्यात कडेची माती आकसते आणि रस्त्याच्या कडेशी समांतर लांब भेग पडते. दोष मशीनचा नसतो, शिव्या मात्र तिलाच.

चेंबरची झाकणं आधी काढून, तोंड खाली उतरवून, लोखंडी प्लेट टाका आणि जागा मापून लिहून ठेवा. आडवे गेलेले नळ कनेक्शन किती खोल आहेत ते पाहा. 30 सेंमीवर असले तर ड्रम ते सोडत नाही.

व्हाइट टॉपिंगनं, म्हणजे जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर टाकून, रस्ता दीड-दोनशे मिमी उचलला जातो आणि पावसाचं पाणी दुकानांच्या पायऱ्यांशी येतं. एफडीआरमध्ये जादा डांबर आधी मिलिंगनं (मशीननं खरवडून) काढलं की पातळी बरीच सांभाळता येते. जुन्या बाजारपेठेत एवढ्यासाठीच आम्ही एफडीआर निवडू. अडचण सात दिवसांच्या क्युरिंगची: तोवर जड गाड्या वळवाव्या लागतात. वळवायला रस्ताच नसेल तर फोम बिटुमेन (फेसाळवलेलं डांबर) आणि जास्तीत जास्त 1 टक्का सिमेंट हा पर्याय घ्या. महाग पडतो, पण वाहतूक लवकर सुरू होते.

कोटेशन बहुधा पायापाशीच संपतं. भेगा अडवणारा थर, म्हणजे सॅमी (ताण शोषणारा डांबरी पातळ पडदा) किंवा 100 मिमी खडी, त्यात आहे का ते विचारा. आणि बिल नुसत्या चौरस मीटरवर ठेवू नका. दबाईची घनता आणि चाचणीच्या क्यूबची (ठोकळ्याची) ताकद पास झाल्याशिवाय पैसे नाहीत, ही अट वर्क ऑर्डरमध्येच घाला.