नोकरी सांभाळून ऑनलाइन एफएनपी: दीडेक वर्षानंतरचा सविस्तर अनुभव

सरळ मुद्द्यावर येते. अमेरिकेत आरएन (रजिस्टर्ड नर्स) म्हणून काम करताय आणि फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एफएनपीसाठी (एनपी म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहिणारी नर्स) ऑनलाइन प्रोग्राम शोधताय, तर फी, रँकिंग, ॲडमिशनवाल्यांचे गोड गोड फोन हे सगळं नंतर. आधी एकच विचारायचं, क्लिनिकलसाठी, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबतच्या शिक्षणासाठी, प्रिसेप्टर (हाताखाली घेऊन शिकवणारा एनपी किंवा डॉक्टर) कोण शोधणार, युनिव्हर्सिटी की मी? आणि उत्तर ईमेलवर लेखी मागायचं. मी हे फार कळवळून सांगतेय कारण माझ्यासोबत सुरू केलेल्या दोन हुशार मुली फक्त प्रिसेप्टर मिळाला नाही म्हणून एक-एक सेमिस्टर मागे पडल्यात, अभ्यासात दोघी माझ्यापेक्षा पुढे होत्या.

माझं थोडक्यात सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. बीएस्सी नर्सिंग सांगलीला, एमयूएचएसची (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ) डिग्री, मग एनसीएलईएक्स ही इथली लायसन्सची परीक्षा, ईबी-३ ह्या नोकरीच्या ग्रीन कार्डवर टेक्सासला, आता डॅलसजवळ एका हॉस्पिटलमध्ये टेलिमेट्री फ्लोअरवर (हृदयाच्या ठोक्यांवर मॉनिटरने लक्ष ठेवायचा वॉर्ड) नाइट करते, आठवड्याला बारा तासांच्या तीन शिफ्ट. घरात नवरा, शाळेत जाणारा मुलगा. एमएसएन-एफएनपी, म्हणजे नर्सिंगमधली मास्टर्स, करतेय, कोर्सवर्क बहुतेक संपलंय, क्लिनिकल सुरू आहे. युनिव्हर्सिटीचं नाव घेत नाही, अजून तिथेच शिकतेय.

भारतातून शिकून आलेल्यांचा पहिला प्रश्न असतो की आपली डिग्री चालते का. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग असेल तर इव्हॅल्युएशननंतर साधारणपणे इथल्या बीएसएनच्या (नर्सिंगची बॅचलर डिग्री) बरोबरीचं धरतात. जीएनएम डिप्लोमा असेल तर आधी आरएन-टू-बीएसएन करावं लागतं किंवा काही ठिकाणी थेट मास्टर्सचा ब्रिज कोर्स असतो. व्हिसास्क्रीनच्या (व्हिसासाठीची कागदपत्रांची तपासणी) वेळी सीजीएफएनएस ह्या संस्थेकडून सगळं करून घेतलं होतं म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच युनिव्हर्सिटींना प्रत्येक विषयाचे क्रेडिट दाखवणारं वेगळं इव्हॅल्युएशन लागतं आणि त्यासाठी परत कॉलेज, विद्यापीठ, सीलबंद पाकीट ही सगळी वारी आली. सुट्टीला गावी जाताय तर ट्रान्सक्रिप्टच्या चार-पाच सीलबंद प्रती एकदमच काढून आणा, इथे बसून हेलपाटे घालायला कुणी मिळत नाही आणि वडलांना पासष्टीत कॉलेजच्या खिडकीवर उभं करणं बरं वाटत नाही.

आता प्रोग्रामची तुलना. मी दोन महिने घालवले त्यात, शीट करून ठेवली होती. दोन गोष्टी मात्र कुठेही तडजोड न करता बघायच्या, एक म्हणजे सीसीएनई किंवा एसीईएन सारखं नर्सिंगचं ॲक्रेडिटेशन (मान्यता), आणि दुसरं म्हणजे ती युनिव्हर्सिटी तुमच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना घेते का. ऑनलाइन आहे म्हणजे कुठूनही करता येतं असं नाही हो! क्लिनिकल तुम्ही तुमच्या राज्यात करणार, लायसन्स तुमच्या राज्याचं बोर्ड देणार, त्यामुळे प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या साइटवर राज्यांची यादी असते ती बघायची. डिग्रीच्या मध्यात दुसऱ्या राज्यात शिफ्ट होणार असाल, नवऱ्याचा प्रोजेक्ट बदलणार असेल, तर त्या राज्याचंही नाव यादीत शोधून ठेवा.

मला जे दिसलं त्यात ढोबळ तीन-चार जाती आहेत. एक, जॉर्जटाउन किंवा सिमन्स सारख्या खासगी युनिव्हर्सिटींचे ऑनलाइन प्रोग्राम, ह्यात ठरलेल्या वेळी लाइव्ह क्लास असतो, प्लेसमेंटला, म्हणजे क्लिनिकलची जागा मिळवायला, मदत करणारी टीम असते, आणि फी बघून डोळे पांढरे होतात. नाइट करणाऱ्या बाईला ठरलेल्या वेळचा लाइव्ह क्लास म्हणजे दर महिन्याला शेड्यूल करणाऱ्या मॅनेजरच्या हातापाया पडणं, त्यामुळे मी तिथेच थांबले, पण डे शिफ्टवाली आणि पैशाची सोय असलेली असेल तर जरूर विचार करा. दोन, वॉल्डन, चेंबरलेन सारख्या फॉर-प्रॉफिट, दोन्ही आता एकाच कंपनीच्या. इथे वर्षातून बऱ्याचदा प्रवेश असतो, अभ्यास आपल्या सोयीने करायचा, आणि प्रवेश तुलनेने सोपा. ह्यांना नावं ठेवणारे खूप भेटतात, माझं मत तसं नाही, माझ्या फ्लोअरला येणाऱ्या दोन चांगल्या एनपी तिथूनच शिकल्यात. पण तुम्ही जिथे नोकरी करू पाहताय तिथल्या लोकांना आधी विचारून घ्या.

तिसरी डब्ल्यूजीयू (वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी), ही नॉन-प्रॉफिट आहे आणि सहा महिन्यांच्या टर्मला एकरकमी फी घेते, कितीही क्रेडिट घ्या. आरएन-टू-बीएसएन साठी ही पद्धत फार स्वस्त पडते, भराभर विषय उडवता येतात. एफएनपीत मात्र तो फायदा क्लिनिकलपाशी येऊन थांबतो, कारण तास म्हणजे तास, तिथे हुशारीने घाई करता येत नाही. चौथी, सरकारी युनिव्हर्सिटी. टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना यूटी आर्लिंग्टन, टेक्सास विमेन्स युनिव्हर्सिटी असे पर्याय आहेत, रहिवासी म्हणून इन-स्टेट फी लागते आणि आसपासच्या हॉस्पिटलांत त्यांचे माजी विद्यार्थी भरपूर, जे पुढे प्रिसेप्टर म्हणून उपयोगी येतात. आणि केंटकीची फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी वेगळी सांगायला हवी, १९२५ मध्ये मेरी ब्रेकिनरिजनी डोंगराळ भागात घोड्यावरून जाणाऱ्या नर्सेसची सेवा सुरू केली त्यातून उभी राहिलेली ही संस्था, आजही खेड्यापाड्यातल्या, आरोग्यसेवा कमी असलेल्या भागासाठी शिकवणं हे त्यांचं ध्येय आहे. छोट्या गावात राहणाऱ्या नर्सने हिचा अर्ज केल्याशिवाय राहू नये असं मला मनापासून वाटतं.

कोर्सवर्कबद्दल माझं मत चांगलं आहे. पॅथोफिजिओलॉजी, फार्माकॉलॉजी, फिजिकल असेसमेंट, ह्या तिघांना सगळे थ्री-पी म्हणतात आणि ह्यातच गळती होते. फार्मा मी फक्त तो एकच विषय घेऊन केला, त्या टर्मला दुसरं काही घेतलं नाही, आणि सगळ्यांना हेच सांगेन. डिस्कशन पोस्ट हा प्रकार मात्र वेळखाऊ आहे, बुधवारपर्यंत आपली पोस्ट, रविवारपर्यंत दोघांना उत्तरं, प्रत्येकात संदर्भ एपीए पद्धतीने, आणि त्यातून जे शिकायला मिळतं ते लागणाऱ्या वेळाच्या मानाने कमी. परीक्षा कॅमेऱ्यासमोर, आधी खोली फिरवून दाखवायची, टेबलाखालीही. रात्रभर पेशंट बघून सकाळी पेपर देऊ नका, एक दिवस मध्ये ठेवाच.

आता प्रिसेप्टर. बरीच वर्षं एनपीसाठी किमान ५०० तास क्लिनिकल चालायचं, २०२२ च्या राष्ट्रीय निकषांत ते ७५० झालं, तेही प्रत्यक्ष पेशंटसोबतचे तास, कॉम्प्युटरवरच्या व्हर्च्युअल पेशंटचे त्यात धरत नाहीत. हिशोब करा, आठ तासांचा क्लिनिकचा दिवस धरला तर ९४ दिवस होतात, आठवड्याला दोन दिवस गेलात तर ४७ आठवडे. आणि त्याच आठवड्यात ३६ तास नोकरी. क्लिनिक सोमवार ते शुक्रवार दिवसा उघडं असतं, त्यामुळे नाइटवाल्यांनी शिफ्ट वीकेंडला टाकून घ्याव्या लागतात. माझ्या मॅनेजरनी हे समजून घेतलं, त्या स्वतः शिकलेल्या होत्या नोकरी करत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

माझ्या युनिव्हर्सिटीने प्रवेशाच्या वेळी फोनवर प्लेसमेंट सपोर्ट आहे असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात आली ती एक यादी, त्यातले निम्मे फोन लागत नव्हते, एक क्लिनिक बंद झालेलं, एक डॉक्टर रिटायर झालेले, आणि जे उचलायचे ते म्हणायचे पुढच्या वर्षापर्यंत आमच्याकडे विद्यार्थी भरलेत. ही माझी ह्या प्रोग्रामबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि मी ती सर्व्हेमध्ये दरवेळी लिहिते. फी पूर्ण घेता, मग शिकायची जागा विद्यार्थिनीने दारोदार फिरून का शोधायची? पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या कंपन्या निघाल्यात त्या ह्याच्यामुळेच, आणि तो खर्च फीच्या वर.

मला शेवटी प्रिसेप्टर मिळाल्या त्या ओळखीतून. आमच्या फ्लोअरवरच्या एका फिलिपिनो सहकारी ताईची जुनी मैत्रीण फॅमिली क्लिनिकमध्ये एनपी आहे, ताईंनी स्वतः फोन केला. होकार मिळाल्यावरही क्लिनिक आणि युनिव्हर्सिटीचा करार व्हायला कित्येक आठवडे गेले, दोन्हीकडचे वकील एकेका ओळीवर अडतात. म्हणून क्लिनिकल सुरू व्हायच्या निदान आठ-नऊ महिने आधी विचारपूस सुरू करा, आणि लहान मुलं, स्त्रियांचं आरोग्य, म्हातारे असे वेगवेगळे तास लागतात हे धरून करा. पीडियाट्रिक्सचा प्रिसेप्टर सगळ्यात कठीण, त्याला आधी हात घाला.

एकदा क्लिनिकमध्ये पाय ठेवला की मात्र सगळ्या दगदगीचं चीज होतं. एक प्रसंग सांगते. साठीच्या एक गुजराती बाई, थायरॉइडची गोळी कित्येक वर्षं चालू, टीएसएच (थायरॉइड कमी पडतंय हे दाखवणारा रक्तातला आकडा) दर तपासणीला वर चाललेला. प्रिसेप्टर मला म्हणाल्या, प्लॅन सांग. डोस वाढवायचा हे पुस्तकातलं उत्तर तोंडावर आलं होतं, पण मी आधी बाईंना हिंदीत विचारलं, गोळी कधी घेता, कशासोबत. सकाळी चहाबरोबर, सोबत कॅल्शियमची गोळी, एकदमच घेऊन टाकते म्हणजे विसरायला होत नाही. कॅल्शियमने ती गोळी अंगाला नीट लागत नाही, दोन्हीत चार तासांचं अंतर हवं, आणि थायरॉइडची उपाशीपोटी पाण्याबरोबर. डोस तोच ठेवला, कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर टाकलं, सहा-आठ आठवड्यांनी परत रक्त तपासायचं ठरलं. पुढच्या वेळी आकडा खाली आला होता. इतकी वर्षं फ्लोअरवर औषधं देताना जे प्रश्न विचारायची सवय लागली तीच इथे कामाला येते, आणि म्हणून मी म्हणते की दोन-तीन वर्षं तरी बेडसाइड केल्याशिवाय ह्यात पडू नका, काही प्रोग्राम अनुभवाशिवाय घेतात तरी.

अजून एक महत्त्वाचं, एफएनपी म्हणजे क्लिनिक, लहान बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांची प्राथमिक काळजी. आयसीयूमध्ये किंवा दाखल पेशंट बघणाऱ्या हॉस्पिटलिस्ट टीममध्ये एनपी व्हायचं असेल तर ॲक्युट केअरचा वेगळा ट्रॅक आहे, मानसिक आरोग्यासाठी पीएमएचएनपी वेगळा. सगळ्या करतायत म्हणून एफएनपी घेतलं आणि मन आयसीयूत, असं करू नका, नंतर परत पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट करावं लागतं. डीएनपीच (नर्सिंगची डॉक्टरेट) पाहिजे असं कुणी घाबरवलं तर सांगते, एमएसएनवरही एएनसीसी किंवा एएएनपी ह्या संस्थांची प्रमाणपत्राची परीक्षा देता येते आणि लायसन्स मिळतं. दोन्हींत एएएनपीची जास्त क्लिनिकल आहे, मी तीच देणार.

राज्याचा फरकही समजून घ्या. टेक्सासमध्ये एनपीला प्रिस्क्रिप्शनसाठी डॉक्टरसोबत करार लागतो, ॲरिझोनात लागत नाही, न्यूयॉर्कमध्ये २०२२ च्या कायद्याने ३६०० तासांच्या अनुभवानंतर त्यातून सुटका दिली होती.

पैशाचं बोलायचं तर सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये आरएनचा मधला पगार वर्षाला ८६,०७० डॉलर आणि एनपीचा १,२६,२६० डॉलर होता. पण जुन्या आरएनला नाइटचा डिफरेन्शियल (जादा भत्ता) आणि ओव्हरटाइम धरून जे मिळतं त्यापेक्षा नव्या एनपीचा पहिला पगार कमी असू शकतो, तयारी ठेवा. हॉस्पिटलकडून वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शिक्षणाची मदत करमुक्त असते, एचआरला विचारा, पुष्कळ जणी घेतच नाहीत. आणि कर्ज काढणार असाल तर १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी शिक्षण लोन बंद आहे, साध्या ग्रॅज्युएट कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर, त्यामुळे महागडी युनिव्हर्सिटी निवडण्याआधी वरचे पैसे कुठून आणायचे ते घरात बसून बोला. मी टर्मगणिक पगारातून भरतेय, कमी क्रेडिट घेऊन.

घरचं म्हणाल तर सासूबाई सहा महिने येऊन राहिल्या तेव्हा क्लिनिकलचा सगळ्यात जड भाग मी उरकला, त्यांनी मुलाचा डबा, शाळा, आजारपण सगळं बघितलं. नवऱ्याने स्वयंपाक शिकून घेतला, आता भाकरीही करतो. ज्यांना इथे कुणीच नाही त्यांनी पार्ट-टाइम प्रोग्रामच घ्यावा, वर्षभर जास्त लागेल, लागू दे.

महाराष्ट्रातून बऱ्याच मुली विचारतात की तिथे बसून हा अमेरिकन ऑनलाइन कोर्स करता येईल का. नाही, अमेरिकेतलं आरएन लायसन्स आणि अमेरिकेतलंच क्लिनिकल लागतं. आणि ही डिग्री घेऊन भारतात एफएनपी म्हणून औषधं लिहिता येणार नाहीत, तशी भूमिकाच तिथल्या कायद्यात नाही. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा वेगळा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे, तो हॉस्पिटलमध्ये राहून करायचा असतो. तिथेच करिअर करायचं असेल तर त्याची चौकशी करा, आणि प्राथमिक आरोग्याची आवड असेल तर आरोग्य केंद्रावरच्या सीएचओच्या (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) जागा बघा, कामाच्या दृष्टीने माझ्या क्लिनिकच्या सगळ्यात जवळचं तेच आहे.